ऐच्छिक वराचा जाच

दिवाळीच्या दिवसांत दोन विषयांवर भांडू नये असा सभ्य घरांतला संकेत आहे. एक राजकारण आणि दुसरा कुणाची चकली अधिक खुसखुशीत हा. खेळावर भांडू नये असे मात्र कुणी सांगितलेले नाही. तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट शेजारी असू द्या आणि थोडे भांडण ऐका. माझे भांडण एका शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे 'ऐच्छिक'.

पुण्या-मुंबईला शिकणारी आमच्या महाड-पोलादपूरकडची मुले सुटीत घरी येतात, तेव्हा त्यांच्या पिशवीत हल्ली एक नवाच ऐवज असतो: वीस पैलूंचा फासा. जेवणे आटोपली की ओटीवर सतरंजी पडते, चार-पाच जण कागद-पेन्सिली घेऊन गोल बसतात आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ सुरू होतो. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर, कुणी धर्मोपदेशक. एकाने सूत्रधार व्हायचे. त्याने सांगायचे, "समोर दरी आहे, पलीकडे दिवा दिसतो आहे. काय करता?" मग ज्याने त्याने आपल्या सोंगाला शोभेल ते करायचे आणि जमले की फसले ते फाशाने ठरवायचे. घरातली वडील माणसे "हे काय नवीन खूळ?" म्हणून कपाळाला आठ्या घालतात. मी घालीत नाही. रात्री अकरापर्यंत मोबाइल बाजूला ठेवून पाच मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बोलत बसतात, या दृश्यासाठी मी वाटेल तेवढी खुळे सहन करीन.

शिवाय हे खूळ आपल्याला वाटते तितके परके नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी ते छापून काढले. त्याच्या पाठीमागे टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळण्याची जुनी हौस होती, आणि तिच्याही मागे प्रशियाच्या सैन्यातल्या राइस्वित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली रचलेला युद्धखेळ होता. पण दिवाळीत अंगणात मातीचा रायगड उभारून, त्यावर अळीव पेरून, पायऱ्यांवर मावळे मांडणाऱ्या आणि "हा तानाजी, हा बाजी, हा नुसता पहारेकरी" असे म्हणत तासन्‌तास रमणाऱ्या आपल्या पोरांना यात नवे ते काय? मातीच्या मावळ्याला बोलायला लावले की हा खेळ झाला.

आता भांडणाकडे वळतो.

या खेळात सोंगाची पायरी जसजशी वाढते, तसतसा खेळणाऱ्याला एखादा खास वर मागता येतो. इंग्रजीत त्याला 'फीट' म्हणतात. आपण 'हुन्नर' म्हणू. २००० साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीत हे हुन्नर आले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्यांवर 'ऐच्छिक' अशी पाटी लावण्यात आली. सूत्रधाराची परवानगी असेल तर खेळणाऱ्याने अंगचे बळ किंवा बुद्धी वाढवून घेण्याऐवजी एक हुन्नर घ्यावे, असा तो नियम. आणि हुन्नरे कोणकोणती? एका हुन्नराने तीन भाषा येतात. एकाने दुसऱ्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. एकाने उत्तर दिशा कुठली ते कायम कळते. आणि एक असे, की अवजड शस्त्राचा घाव घालताना फाशातून ५ वजा करून घेतले तर, लागल्यास, घावात १० ची भर पडते. धनुर्धरासाठीही अगदी असेच एक आहे.

आणि या सगळ्यांची किंमत एकच! महाडच्या बाजारात काजू आणि खडेमीठ एकाच भावाने विकायला बसलेला वाणी कुणी पाहिला आहे काय?

मी मास्तर माणूस. तेव्हा नुसते आरोप करून थांबत नाही, फळ्यावर गणित मांडतो. योद्ध्याचा साधा घाव सरासरी १० चा धरू. शत्रूला लागण्यासाठी फाशावर ११ किंवा अधिक हवे असतील, तर विसांपैकी दहा पैलू त्याच्या बाजूचे. म्हणजे दर घावामागे सरासरी ५. हुन्नर वापरले तर १६ किंवा अधिक हवेत; पैलू पाच, घाव २० चा, सरासरी पुन्हा ५. इथवर तराजू समतोल आहे. पण शत्रू जरा ढिला निघाला आणि ८ पुरेसे झाले, तर साधी सरासरी साडेसहा आणि हुन्नराची आठ. त्यात मांत्रिक मित्राने मंत्र टाकून फाशाला मदत केली की हा फरक आणखी फुगतो. उलट शत्रूचे चिलखत भक्कम असेल, तर हुन्नर वापरायचेच नाही. कारण ते वापरायचे की नाही हे दर घावाला ठरवता येते. सारांश, नफा झाला तर आपला आणि तोटा व्हायची वेळ आली की दुकान बंद! असा व्यापार सर्वांनाच आवडतो. आणि त्याच किमतीत उत्तर दिशा विकत घेतलेला मुलगा संध्याकाळभर उत्तरेकडे बघत बसतो.

यावर पहिले उत्तर मिळते ते ठरलेले: "अहो, ते ऐच्छिक आहे. नको तर घेऊ नका!"

हे उत्तर मी वर्गात इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा वास मला लांबून येतो. शाळेत ऐच्छिक विषय असतात. पालक मुलाला विचारतात का, की बाळ, तुला कालिदास आवडतो का? ते विचारतात, "यात गुण जास्त पडतात का?" संस्कृतला पैकीच्या पैकी पडतात अशी बोलवा झाली की ज्याला एक सुभाषित गोड लागत नाही तोही संस्कृत घेतो. कारण शेजारच्याने घेतले आणि आपण घेतले नाही, तर मागे आपण राहणार. जी गोष्ट न घेतल्याने माणूस मागे पडतो तिला ऐच्छिक म्हणणे ही भाषेची थट्टा आहे. कागदावरची मोकळीक आणि खरी मोकळीक यांतला फरक महाडकराला तरी कुणी शिकवू नये. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा, आणि त्या पाण्याला हात लावण्यासाठी डॉ. आंबेडकरांना हजारोंसह सत्याग्रह करावा लागला तो १९२७ च्या मार्चमध्ये. त्या थोर लढ्याची आणि पोरांच्या खेळाची बरोबरी मी करीत नाही. तसे करणे अशोभनीय होईल. एवढेच म्हणतो, की ज्या गावाने हा धडा पाहिला त्या गावात "कागदावर तर सर्वांना मुभा आहे ना?" हा युक्तिवाद खपू नये, मग तो मोठ्या गोष्टीत असो की लहान.

दुसरे उत्तर अधिक गोड असते: "हा काही सामना नव्हे. सगळे एकाच बाजूचे. एकाचे बळ वाढले तर सर्वांचाच फायदा. मग तोल हवा कशाला?"

वरवर पाहता हे पटते. पण मला तर उलटेच दिसते. सामन्यात तोल राखणे सोपे असते, कारण जे मला तेच तुला. बुद्धिबळातला वजीर जुन्या डावात तिरपे एकच घर चालणारा बापडा होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला सगळ्या पटावर धावण्याची मुभा मिळाली. खेळ मोडला का? नाही; कारण पांढऱ्यालाही तोच वजीर आणि काळ्यालाही तोच. आपल्या खो-खोतच पाहा. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की फिरायचे नाही आणि मधली पाटी ओलांडायची नाही, हा त्या खेळाचा प्राण. २०२२ साली पुण्याच्या बालेवाडीत 'अल्टिमेट खो-खो'चा पहिला हंगाम झाला. त्यात एका खेळाडूला 'वजीर' करून कोणत्याही दिशेला पळण्याची सवलत देण्यात आली. जुन्या खेळाडूंनी नाके मुरडली असतील. त्यांच्या भावनेशी मी सहमत आहे. तरीही हा वर तोलून दिलेला आहे, हे कबूल केले पाहिजे. तो दोन्ही संघांना आहे. वजिरालाही खो मिळेपर्यंत बसून राहावे लागते आणि खो दिला की पुन्हा बसावे लागते. त्याला पळायला मिळते ते सोबत्यांच्या खोवर. त्याचे बळ सोबत्यांच्या हातातून जाते. त्यांचा हात बाजूला सारून नव्हे. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुषांनी व महिलांनी, दोघांनीही तो जिंकला, तेव्हा आमच्या मातीतला हा खेळ नव्या वस्त्रांतही ताठ उभा राहू शकतो हे दिसलेच.

कबड्डीचे तर विचारूच नका. बोनस रेषा ओलांडल्याचा गुण चढाई करणाऱ्याला मिळतो, पण समोर निदान सहा गडी उभे असतील तरच. आणि तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेल्या संघाने पकड केली की त्याला एक गुण जादा. पाहा, काय शहाणपण आहे! धाडसाचे बक्षीस समोर भिंत उभी असतानाच मिळते, आणि कमजोर झालेल्याच्या हाती नेमके त्याच वेळी हत्यार येते. याला म्हणतात तोल. तो सर्वांना सारखे वाटून येत नाही. योग्य वेळी योग्य अट घालून येतो.

आता सोंगांच्या खेळाकडे या. इथे समोर दुसरा संघ नाही. मग मुले कशासाठी बसली आहेत? जिंकण्यासाठी नव्हे. तिथे वाटली जाणारी वस्तू एकच आहे, आणि ती म्हणजे वेळ. तीन तासांची बैठक, पाच मुले. त्या तीन तासांत माझ्या हातून काहीतरी घडले, मी नसतो तर गोष्ट निराळी झाली असती, हा आनंद प्रत्येकाला मिळाला पाहिजे. एका योद्ध्याच्या घावापुढे प्रत्येक राक्षस दुसऱ्या फेरीत आडवा होत असेल, तर उरलेल्या चौघांनी काय करायचे? टाळ्या वाजवायच्या? नाही हो! टाळ्या वाजवायला माणूस तमाशाला जातो, खेळायला बसत नाही. "सर्वांचा फायदा झाला" हे त्या चौघांना सांगा आणि त्यांचे चेहरे पाहा. चौथ्या दिवशी त्यांतला एक म्हणतो, "माझे पोट दुखते आहे, आज तुम्ही खेळा." हे पोटदुखीचे दुखणे मी खूप पाहिले आहे. त्याला औषध वैद्याकडे नसते.

वराला अट हवी, हे आपल्या पुराणकारांना इतके पक्के ठाऊक होते की आपण ते विसरावे याचेच नवल वाटते. भस्मासुराला वर मिळाला तो बिनशर्त: ज्याच्या डोक्यावर हात ठेवशील तो भस्म. परिणाम काय झाला? देणाऱ्या शंकरालाच पळावे लागले, आणि गोष्ट सोडवायला विष्णूला मोहिनीचे रूप घेऊन नाचावे लागले. ओटीवर बसलेल्या सूत्रधाराची नेमकी हीच गत होते: आधी उदारपणे वर देतो आणि मग तिसऱ्या रात्री मोहिनी शोधत फिरतो. उलट कर्णाची शक्ती पाहा. अमोघ खरी, पण एकदाच वापरायची, आणि तिची किंमत अंगावरची कवचकुंडले. त्या एका अटीमुळे केवढे नाट्य उभे राहिले! अर्जुनासाठी जपून ठेवलेले अस्त्र घटोत्कचावर टाकावे लागले, आणि सारे युद्ध फिरले. शक्ती रोज सकाळ-संध्याकाळ वापरता आली असती, तर व्यासांना द्रोणपर्व चार पानांत आटोपावे लागले असते. मी कादंबऱ्या लिहितो म्हणून सांगतो: बिनअटीचा वर हा गोष्टीचा पहिला शत्रू.

आता तिसरा पक्ष. हे लोक म्हणतात, "मग सर्वांना सारखेच द्या. भांडण मिटले!" हा प्रयोगही होऊन गेला आहे. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत योद्ध्यापासून मांत्रिकापर्यंत सर्वांच्या शक्ती एकाच साच्यात बसवल्या होत्या: काही हव्या तेव्हा, काही प्रत्येक चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. हिशेब चोख होता. पण तलवार आणि मंत्र यांची चव एकच लागते अशी तक्रार झाली. लागणारच! ताटात सर्व पदार्थांचे वजन सारखे केले म्हणून जेवण चांगले होत नाही. करंजी आणि चिवडा यांचा तोल तराजूत मोजत नाहीत. एकानंतर दुसरे खावेसे वाटते, यात तो असतो.

मग तोल मोजायचा कसा? उत्तर आमच्या तालुक्यातच आहे. रायगडावरच्या हिरकणी बुरुजाची गोष्ट माहीत नाही असे मराठी घर नसेल. गडाचे दरवाजे बंद झाले आणि तान्ह्या बाळासाठी ती गवळण कडा उतरून गेली. आता या खेळाच्या पुस्तकी तराजूत हिरकणीला घाला. तलवार नाही, मंत्र नाही, घाव शून्य. हुन्नर एकच: कडा उतरता येतो. हिशेबी पोरगा म्हणेल, "फुकट गेले हुन्नर!" पण गडावर तलवार चालवणारे शेकडो होते, त्यांतल्या कुणाच्या नावाने तो बुरुज ओळखला जातो? हुन्नराची किंमत कड्याने ठरवली. कडा नसता तर हिरकणी ही दूध विकून घरी गेलेली एक बाई. आणि ज्याचे स्मारक पाहायला माणसे पोलादपुराहून उमरठला जातात, त्या तानाजीच्या कोंढाण्याचे तरी काय? १६७० च्या त्या रात्री कडा चढणारे हात आधी लागले, तलवार नंतर. आणि तानाजी पडल्यावर माघार घेणाऱ्यांना परतवणारा सूर्याजी लागला. एका वीराच्या घावात दहा मिळवून तो गड आला नसता.

म्हणून माझे सूत्रधारांना सांगणे आहे: ज्याने तीन भाषा घेतल्या त्याच्यासाठी परकी भाषा बोलणारा नावाडी आणा. ज्याने उत्तर दिशा घेतली त्याला आंबेनळीच्या घाटातल्या श्रावणातल्या धुक्यात नेऊन सोडा, जिथे आपलाच हात आपल्याला दिसत नाही. मग पाहा त्या मुलाचा चेहरा कसा उजळतो! पाचही जणांच्या कागदावर काय लिहिले आहे ते बैठकीआधी वाचा आणि प्रत्येकासाठी एक कडा उभा करा. जो हुन्नर कुठल्याच कड्यावर उपयोगी पडणार नाही तो देऊच नका, आणि जो प्रत्येक कडा सपाट करून टाकतो त्याला कर्णाची अट घाला.

"म्हणजे सगळी जबाबदारी सूत्रधाराचीच!" असे म्हणून पुस्तक छापणाऱ्यांनी मात्र हात झटकू नयेत. पोराने किंवा त्याच्या बापाने चांगले पैसे मोजून पुस्तक घेतलेले असते. फुटकी घागर विकून "पाणी जपून भरा" असे सांगणारा कुंभार आम्हाला मान्य नाही. आणि हे त्यांनाही कळलेच. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत ते 'उणे ५, अधिक १०' काढून टाकण्यात आले. हुन्नरावरची 'ऐच्छिक' ही पाटी उतरवण्यात आली, आणि पहिल्याच पायरीला प्रत्येक सोंगाच्या पदरात एक हुन्नर पडू लागले. दहा वर्षे ज्या शब्दाच्या आड लपून बसले, तो शब्द शेवटी त्यांनाच टाकावा लागला. उशिरा का होईना, अभिनंदन! पण जुनी पुस्तके घरोघर आहेत आणि जुन्या सवयी तर त्याहून चिवट. काम संपलेले नाही.

कुणी म्हणेल, मास्तर, एवढ्याशा खेळावर एवढी पाने? होय. कारण मुलाला न्याय-अन्याय प्रथम कळतो तो खेळात. राज्य कुणावर आले, कुणाला दोनदा संधी मिळाली, कुणाला 'कच्चा लिंबू' म्हणून बाजूला ठेवले, हे सात वर्षांच्या पोराला घटनेच्या कलमांच्या कितीतरी आधी समजते. त्या वयात "तू चुकीचे निवडलेस, आता भोग" हे वाक्य त्याच्या कानावर सतत पडले, तर ते मूल दोनच गोष्टी शिकते: एक तर आवडीचे सोडून फायद्याचे तेवढे निवडायला, नाही तर पोटदुखीचे निमित्त करून उठून जायला. दोन्ही धडे वाईट. नक्कल करण्याचे हुन्नर हौसेने घेणारा मुलगा उद्याचा नट असेल, लेखक असेल, निदान चांगला शेजारी तरी असेल. त्याला घावाच्या गणितात नापास करण्याचा अधिकार कुणालाही नाही.

तेव्हा या दिवाळीत तुमच्या ओटीवर फासा खुळखुळला, तर आठ्या घालू नका. जरा जवळ जाऊन बसा. कोण किती राक्षस मारतो ते मोजू नका. गेल्या अर्ध्या तासात कोणते मूल एकदाही बोललेले नाही, तेवढे पाहा. आणि सूत्रधाराच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवून हळूच त्याच्या कानात सांगा, "बाळ, आता हिला एक कडा दे."